पहाटेची पोटदुखी

पहाटे पाच ही कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरची सर्वांत वाईट वेळ. रात्रीचे अपघात, मारामाऱ्या, छातीत कळ घेऊन आलेली मंडळी मार्गी लागलेली असतात, चहावाला अजून यायचा असतो आणि डोळे आपल्या ताब्यात राहिलेले नसतात. निवासी डॉक्टर म्हणून माझे पहिले वर्ष चालू असताना अशाच एका पहाटे बांधकामावरचा एक तरुण पोट दुखते म्हणून आला. इस्पितळाचे नाव सांगत नाही. शहर मोठे होते, इस्पितळ मोठे होते, यंत्रसामग्री उत्तम होती. मी त्याचे पोट चाचपले, मऊ होते. नाडी ठीक, रक्तदाब ठीक. रात्री काय खाल्ले, विचारले. वडापाव म्हणाला. आम्लपित्ताचे इंजेक्शन देऊन मी त्याला बाकावर बसवले. तासाभराने त्याचा सोबती सांगत आला, “मॅडम, त्याला फार झोप येतेय.” पहाटे पाचला उठून आलेल्या माणसाला झोप येणार नाही तर काय! “झोपू दे,” मी म्हटले.

ती झोप नव्हती. त्याला पापण्या उचलता येत नव्हत्या. थोड्या वेळाने मान सावरेना, मग थुंकी गिळता येईना, आणि आम्ही धावलो तेव्हा श्वास थांबलेला होता. नळी घातली, व्हेंटिलेटर लावला. पण मधली जी मिनिटे गेली ती गेलीच. तिसऱ्या दिवशी तो गेला. उजव्या हाताच्या करंगळीजवळ सुईने टोचल्यासारखे दोन ठिपके कुणालातरी नंतर दिसले. मण्यार! बांधकामाच्या तळमजल्यावर पोत्यावर झोपला होता. मण्यारीचा दंश दुखत नाही, सुजत नाही, पुष्कळदा झोपलेल्याला कळतही नाही. कळते ती पहाटेची पोटदुखी.

हे सारे माझ्या पुस्तकात नव्हते असे नाही. होते, पण आमचे ते जाडजूड पुस्तक अमेरिकेत लिहिलेले. त्यात हृदयविकाराच्या झटक्याला प्रकरणेच्या प्रकरणे, आणि मण्यारीला जेमतेम काही ओळी. आकस्मिक उपचारांची ही शाखा आपल्याकडे नवीच, एम. डी.ची पदवी म्हणून तिला मान्यता मिळाली 2009 साली. शाखा नवी, म्हणून पुस्तके बाहेरची. त्यात त्यांचा दोष काय? त्यांच्या दारात जे येते ते त्यांनी लिहिले. आपल्या दारात जे येते ते आपण शिकायचे होते. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार, असा अंदाज 2020 साली प्रसिद्ध झाला. हे वाचले तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होते आणि मला तो करंगळीजवळचा ठिपका आठवत होता.

मग मी दोन गोष्टी केल्या. एक, लंडनच्या ‘ट्रॉपिकल मेडिसिन’च्या पदविकेची माहिती मागवली. अभ्यासक्रम तीन महिन्यांचा. दुसरी गोष्ट मी केली नाही, ती नियमाने झाली. पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने तीन महिने एखाद्या जिल्ह्याच्या आरोग्यसेवेत काम करावे, असा नियम 2020 साली आला. आमच्यातले बहुतेक जण घराजवळचा जिल्हा मागत होते. मी गडचिरोली मागितला. कारकुनाने चष्मा कपाळावर चढवून विचारले, “मागितलाय?”

घरी बाबांनी नकाशा काढला. अहेरी शोधायला त्यांना बराच वेळ लागला, कारण ते बोट चंद्रपूरपाशीच थांबवत होते. आणखी खाली, आणखी उजवीकडे, असे करत बोट प्राणहितेच्या काठी आले. “अगं, पलीकडे तर तेलंगण!” आई काही बोलली नाही, फक्त दोन जास्तीच्या चादरी पिशवीत कोंबल्या. गडचिरोली म्हटले की पुण्या-मुंबईच्या घरांत दोनच गोष्टी आठवतात : नक्षलवादी आणि शिक्षेची बदली. माझ्या बॅगेत त्या दोन चादरी, पुस्तक आणि लंडनचा अर्ज होता. अर्जाची मुदत अजून चार महिने होती.

चंद्रपूरहून एस. टी. गोंडपिपरी, आष्टी असे करत आलापल्लीकडे निघते. वैनगंगा ओलांडली की झाडे बदलू लागतात. आलापल्लीच्या सागाचे नाव ऐकलेले असते, पण रस्त्याच्या दोन्ही अंगांना तो भिंतीसारखा उभा राहिला की आपण किती दूर आलो ते कळते. आलापल्लीपासून अहेरी अगदी जवळ. जुन्या जमीनदारीचे गाव, राजवाडा, मोठा बाजार. बाजारात अर्धे मराठी, अर्धे तेलुगू ऐकू येते आणि जंगलातून आलेली माणसे गोंडी-माडिया बोलतात. इथल्या उपजिल्हा रुग्णालयाकडे नुसती अहेरी येत नाही. एटापल्ली येते, भामरागड येते, मुलचेरा येते, सिरोंच्याकडचेही येतात. भामरागड इथून साठ-पासष्ट किलोमीटर. नकाशावर साठ किलोमीटर म्हणजे काहीच नाही. पण पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटल्याची बातमी आपण वर्षानुवर्षे दर पावसाळ्यात चहाबरोबर वाचत आलो आहोत. त्या बातमीच्या आत आजारी माणसे असतात, हे मला तोवर सुचलेच नव्हते.

मी गेले तेव्हा पावसाळाच होता. साप, ताप आणि जुलाब यांचा हंगाम. पहिले आठ दिवस मी उपयोगाची नव्हते, हे कबूल करते. शहरात रुग्ण आला की आम्ही घड्याळ लावतो : इतक्या मिनिटांत ई.सी.जी., इतक्या मिनिटांत स्कॅन. इथे मी एका बाईंना विचारले, ताप कधीपासून? त्यांनी बोटांवर काही मोजले आणि दुभाष्याने सांगितले, “रोवणी सुरू झाली तेव्हापासून, जी.” माझ्या केसपेपरवर यासाठी रकाना नव्हता.

दुभाषी म्हणजे वॉर्डातल्या मावशी. माडिया, तेलुगू आणि मराठी अशा तिन्ही भाषा त्यांना सारख्याच यायच्या, आणि तिन्हींत त्या सारख्याच रागवायच्या. माझ्या शिक्षणातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य त्यांनी शिकवले, तेही मला उद्देशून नाही.

तिसऱ्या आठवड्यातली पहाट. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून एका पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला आणले. तक्रार : पोट दुखते, एकदा उलटी. माझ्या छातीत धस्स झाले, तरी सवयीने तोंडून निघाले तेच, “रात्री काय खाल्लं?” मावशी फरशी पुसत होत्या. त्यांनी वर न बघता मुलाला माडियात काहीतरी विचारले. तो म्हणाला काही. मग मावशी उठल्या, हात पदराला पुसले, मुलाच्या कपाळावर अंगठा ठेवून म्हणाल्या, “मॅडम, डोळे पाहा जी.” डावी पापणी उजवीपेक्षा किंचित खाली होती. किंचितच.

“काय विचारलंत तुम्ही त्याला?”

“रात्री खाली झोपला होता का खाटेवर, तेवढंच.”

तेवढेच. माझ्या पुस्तकाच्या दोनेक हजार पानांत हा प्रश्न कुठे नव्हता. काय खाल्ले, काय प्यालास, पूर्वी कधी असे झाले का, हे सगळे होते. कुठे झोपलास, हे नव्हते, कारण ज्यांनी पुस्तक लिहिले त्यांच्या देशात माणसे पलंगावर झोपतात.

पुढचे काम मला येत होते. एका श्वासात आकडे म्हणायला लावले, अठरापर्यंत गेला. अर्ध्या तासाने नऊवर थांबला. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवले. ही चाचणी वाचकांनीही ऐकून ठेवावी अशी आहे : वीस मिनिटांनंतर रक्त पातळच राहिले तर घोणस किंवा फुरशासारख्या रक्त बिघडवणाऱ्या सापाचे विष, गोठले आणि पापण्या पडत असतील तर नाग किंवा मण्यार. खर्च एका नळीचा. पण नळी काचेचीच हवी, प्लॅस्टिकची चालत नाही, हे मी इथे शिकले. शहरात आमच्याकडे काचेच्या नळ्या कधीच हद्दपार झाल्या होत्या. रक्त गोठले. प्रतिविषाच्या दहा कुप्या चढवल्या. लहान मुलालाही मोठ्या माणसाइतक्याच कुप्या द्याव्या लागतात, कारण साप वजन बघून विष सोडत नाही. शेजारी ॲड्रिनलिनची सुई भरून ठेवली, कारण घोड्याच्या रक्तापासून केलेले हे औषध एखाद्याला उलटते.

मण्यारीची गंमत (गंमत कसली!) अशी की प्रतिविष दिले तरी नसांवर जे विष एकदा बसले ते लगेच सुटत नाही. शरीराला ते दुरुस्त करायला वेळ लागतो. तोवर कुणीतरी त्याच्या वतीने श्वास घ्यायचा, एवढाच उपचार. दुपारी त्याला नळी घातली आणि 108च्या गाडीतून जिल्ह्याच्या ठिकाणी निघालो. शंभरावर किलोमीटर. अंबू बॅग म्हणजे रबरी फुगा. तो दर पाच सेकंदांनी दाबायचा. मिनिटाला बारा, तीन तासांत दोन हजारांवर. मी आणि त्याचा मोठा भाऊ आळीपाळीने दाबत होतो. भावाला मी एकदाच दाखवले होते. त्याचा ठेका माझ्यापेक्षा पक्का होता.

आष्टीच्या अलीकडे मी त्याला म्हटले, “त्याच्याशी बोल. त्याला सगळं ऐकू येतंय.” हे खरे आहे. मण्यारीचा रोगी मेल्यासारखा दिसतो, बुबुळेही हलत नाहीत, पण आत तो पुष्कळदा जागा असतो. भावाने अविश्वासाने माझ्याकडे पाहिले आणि मग बोलायला लागला. काय बोलत होता मला कळत नव्हते. गडचिरोली येईपर्यंत तो थांबला नाही.

मुलगा सहाव्या दिवशी नळीतून सुटला. घरी जाताना दोघे अहेरीला उतरून भेटून गेले. मी विचारले, गाडीत भाऊ काय बोलत होता? मुलगा हसला आणि मावशींना सांगितले. बैल कुणाकडे चारायला दिलेत, आणि तू उठला नाहीस तर तुझी सायकल मी घेईन, हे म्हणे अगदी परत परत.

सगळ्या गोष्टी अशा संपल्या नाहीत. ऑगस्टमधल्या एका दुपारी चार माणसांनी खाट खांद्यावर घेऊन चार वर्षांच्या मुलीला आणले. दोन दिवस नाल्याला पाणी होते, ते उतरल्यावर निघाले. मुलगी बेशुद्ध, मधूनमधून झटके, तळहात कागदासारखे पांढरे. बोटाच्या थेंबावरची चाचणी पंधरा मिनिटांत सांगते : फॅल्सिपेरम, मेंदूचा मलेरिया. तिचे हातपाय गार, नाडी बारीक. माझा हात आपोआप सलाइनच्या बाटलीकडे गेला, कारण आम्हाला शिकवलेले आहे की असे मूल आले की भराभर पाणी चढवा. तिथल्या ज्येष्ठ डॉक्टरांनी माझा हात धरला. “हळू. हे मूल वाळलेलं नाही. ताप आणि रक्तक्षय आहे.”

मला राग आला होता. रात्री वाचले. 2011 साली युगांडा, केनिया आणि टांझानियात तीन हजारांवर तापाने गंभीर आजारी मुलांवर झालेला अभ्यास ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आला होता. ज्यांना भराभर सलाइन दिले त्यांच्यातली शंभरातली दहावर दगावली. ज्यांना तसे दिले नाही त्यांच्यातली सात. जगभरच्या पुस्तकांतला नियम, आणि तो अशा मुलांना मारत होता! बरे, याच पाण्याची दुसरी कथाही आपल्याच देशातली आहे. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली, सलाइन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खायचा सोडा घातलेले पाणी पिंपांतून वाटायला लावले आणि नातेवाइकांच्या हाताने पाजले. मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसवरून चाराच्या आत आले. पटकीत पाणी म्हणजे प्राण, मलेरियात तेच पाणी बेताने. बाटली एकच. फरक करायला समोर तसे मूल दिसावे लागते, आणि आमच्या शहरातल्या विभागात ती दोन्ही मुले क्वचितच येतात.

त्या मुलीला आर्टेसुनेटचे इंजेक्शन दिले, रक्त दिले, साखर दिली. पूर्वी क्विनाइन देत. आर्टेसुनेटने प्रौढांतले मृत्यू शेकडा बावीसवरून पंधरावर येतात हे 2005 साली सिद्ध झाले, आणि त्या अभ्यासात बांगलादेश, म्यानमार, इंडोनेशियाबरोबर भारतातलेही रुग्ण होते. औषध योग्य होते. उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. तिच्या वडिलांनी मला जोहार केला, खाट उचलली आणि चौघे चालू लागले. ॲम्ब्युलन्सने नेऊन सोडतो, म्हटले, तर म्हणाले, नाल्यापर्यंतच जाते ती.

केसपेपरवर मृत्यूचे कारण म्हणून मी मलेरिया लिहिले. ते बरोबरच आहे. नाल्यासाठी रकाना नाही.

अहेरीत संध्याकाळी वीज गेली की काही करण्यासारखे नसते, म्हणून मी या विषयाचा इतिहास वाचत बसे. ‘ट्रॉपिकल मेडिसिन’ हे नावच मुळी लांबून पाहणाऱ्याने दिलेले आहे. लिव्हरपूलची संस्था 1898ची, लंडनची 1899ची. व्यापारी, खलाशी, वसाहतींतले अंमलदार उष्ण देशांत जाऊन मरत होते, त्यांना जगवायला ही शास्त्रे उभी राहिली. अहेरीत या आजारांना ट्रॉपिकल कुणी म्हणत नाही. नुसते आजार म्हणतात.

पण शास्त्र जन्मले कुठे? रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू सापडला तो 20 ऑगस्ट 1897 रोजी, सिकंदराबादला. अहेरीहून प्राणहिता ओलांडून दक्षिणेला निघालात तर तीनेकशे किलोमीटर. हुसेन खान नावाचा रोगी एका डासामागे एक आणा घेऊन स्वतःला चावून घेत होता. रॉस पुढे लिव्हरपूलला शिकवू लागला आणि 1902 साली त्याला नोबेल मिळाले. हुसेन खानचे पुढे काय झाले, हा प्रश्न मला अहेरीत येण्याआधी पडला नसता.

आणि आपल्या लोकांचे काय? महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला आलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाने दंश झालेली मुले रात्रभर उशाशी बसून पाहिली. विंचवाच्या विषाने हृदय कसे थकते, फुप्फुसांत पाणी कसे भरते, हे त्यांनी टिपून ठेवले. 1982 साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. मग रक्तदाबाचे एक साधे औषध, प्रॅझोसिन, त्यांनी वापरले आणि जिथे शंभरातले पंचवीस-तीस दगावत तिथे एक-दोनवर आले. व्हेंटिलेटर नव्हता, स्कॅन नव्हते. ही माझ्याच शाखेतली कामगिरी आहे, फक्त शाखा जन्मायच्या आधीची.

गडचिरोलीचे म्हणाल तर डॉ. प्रकाश आमटे नागपूरला शल्यचिकित्सेचे पदव्युत्तर शिक्षण सोडून भामरागडजवळ हेमलकशाला आले, तेही निवासी डॉक्टरच्या वयाचे असताना. बाबा आमट्यांनी तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला 1973च्या अखेरीस. बरोबर डॉ. मंदाकिनी आमटे, भूलशास्त्राच्या. आमच्या वसतिगृहात ‘तुम्ही कोणत्या वर्षी सोडलंत?’ हा प्रश्न चेष्टेने विचारतात, तो अहेरीत आल्यावर मी विचारेनाशी झाले.

आणि डॉ. अभय व राणी बंग. त्यांनी तर अमेरिकेत, जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकून घेतले आणि 1986 साली गडचिरोलीत ‘सर्च’ सुरू केली. लहान मुले न्यूमोनियाने मरतात हे दिसल्यावर त्यांनी श्वास मोजायचे एक साधन केले : एक मिनिटाची वाळूची घड्याळ आणि मण्यांची ओळ. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत तांबड्या मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया. फारसे अक्षर न येणाऱ्या बाईलाही हे जमते. त्या कामाने गावांतले न्यूमोनियाचे मृत्यू कमी झाल्याचा निबंध 1990 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. घरोघरी नवजात बाळांची काळजी घेऊन तिसऱ्या वर्षी त्यांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाल्याचा 1999चा निबंध तर आज जगभर शिकवला जातो. लंडनलाही शिकवतात. म्हणजे पुणे-मुंबईचा विद्यार्थी शुल्क भरून, विमानाने जाऊन, गडचिरोली शिकून येऊ शकतो.

यात लंडनची टिंगल नाही. सूक्ष्मदर्शकाखाली शेकडो परोपजीवी ओळखायची शिस्त, आकडेमोडीची शिस्त तिथे आहे. बंग दांपत्य हॉपकिन्सला गेले नसते तर ते मणी मोजून सिद्ध कसे झाले असते? कलकत्त्याला 1921पासून आपली स्वतःची संस्था आहे, तिथे हा विषय पूर्णवेळ शिकता येतो, हे माझ्या तुकडीत मला एकटीला माहीत होते, आणि मलाही अहेरीत कळले. माझी तक्रार वेगळी आहे. हे तीन महिने आपण शिक्षेसारखे भोगतो. रिकामी खुर्ची भरायला पाठवलेला डॉक्टर काही शिकत नाही. त्याच्या हातावर कुणी हात ठेवावा लागतो, ‘हळू’ म्हणणारे कुणी हवे. मला ते डॉक्टर मिळाले, मावशी मिळाल्या, हे माझे नशीब. नशिबाला अभ्यासक्रम म्हणत नाहीत. लंडनच्या तीन महिन्यांना वेळापत्रक आहे, शिक्षक आहेत, परीक्षा आहे. आमच्या तीन महिन्यांना हजेरीपट आहे.

सर्पदंशाला जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातले. 2024 साली आपल्या सरकारची योजना आली : 2030पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणायचे. चांगलेच आहे. पण निम्मे काम मच्छरदाणीही करील असे मला वाटते. नेपाळच्या सखल भागात झालेल्या पाहणीत मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सापाचा दंश कमी झालेला दिसला. कडा अंथरुणाखाली खोचली की डासही येत नाही आणि मण्यारही. गडचिरोलीत औषध लावलेल्या मच्छरदाण्या मलेरियासाठी वाटतात. मावशी मात्र प्रत्येक सुट्टी मिळालेल्याला दोन्ही कारणे सांगत आणि खोचायची कशी ते वॉर्डातल्या खाटेवर करून दाखवत. हे काम त्यांना कुणी दिलेले नव्हते.

सप्टेंबरच्या शेवटी मी परतले. दोन चादरी तिथेच ठेवून आले. लंडनचा अर्ज मी भरला नाही; फाडलाही नाही. पुढच्या वर्षीचा भरीन, आधी माझी परीक्षा होऊ दे, असे बाबांना सांगितले. बाबांनी नकाशा अजून गुंडाळलेला नाही. त्यावर अहेरीपाशी त्यांनी पेन्सिलने बारीक टिंब केले आहे.

परवा रात्रपाळी होती. पहाटे सव्वापाचला एका सोसायटीचा रखवालदार पोट दुखते म्हणून आला. माझ्या हाताखालच्या नव्या डॉक्टरने पोट चाचपले, खाणे विचारले आणि इंजेक्शन लिहायला घेतले. मी विचारले, “काका, रात्री कुठं झोपला होता?”

तो जरा घाबरला. ड्यूटीवर झोपल्याचे मालकांना कळेल, असे त्याला वाटले असावे. मग हळूच म्हणाला, “पार्किंगमधी. चटईवर.”

पापण्या वर करून पाहिल्या. दोन्ही व्यवस्थित उघडत होत्या. एका श्वासात त्याने बत्तीसपर्यंत आकडे म्हटले आणि काय चालले आहे अशा नजरेने माझ्याकडे बघत राहिला. नव्या डॉक्टरला मी काचेची नळी आणायला सांगितली. ती मिळाली नाही, तेव्हा तळमजल्यावरच्या जुन्या प्रयोगशाळेतून मागवली. रक्त गोठले. तरीही त्याला सोडले नाही, दिवसभर ठेवून घेतले आणि दर तासाला आकडे म्हणायला लावले. संध्याकाळी सोडले. आम्लपित्तच होते.